डावा कोपरा

४ नोव्हेंबर
शीवच्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं, तुमचे मिस्टर दिवसभरात कुठले शब्द बोलतात ते रोज लिहून ठेवा. दौलतला अर्धांगाचा झटका येऊन वर्ष उलटून गेलं. शब्द एकच आहे. ‘तेच.’ भूक लागली की तेच, डास चावला की तेच, बातम्या लागल्या की तेच, तेच. एवढं लिहून पान रिकामंच राहतं, म्हणून उरलेल्या जागेत माझं लिहिते आहे.

आज ऑफिसात मीटिंग झाली. आमची सपोर्टची टीम, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घेणारी आम्ही माणसं, मार्चनंतर नसणार. ते काम मशीन करणार म्हणे. ज्यांना राहायचंय त्यांनी टेस्टिंगमध्ये यायचं, आणि त्यासाठी रुबी शिकायची. रुबी म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, आमच्या कंपनीचं सगळं तीत लिहिलेलं आहे. मी सत्तेचाळीस वर्षांची, बी.कॉम. शेजारच्या मुली माना डोलावत होत्या, म्हणून मीही डोलावली.

प्रिसिलाने नंतर कॅन्टीनमध्ये गाठलं. ती प्रोग्रॅमर आहे, ठाकूरद्वारला राहते, आणि ऑफिसात माझ्याशी मराठीत बोलणारी ती एकटीच. म्हणाली, मी शिकवीन. मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही ताकद लागते.

११ नोव्हेंबर
रुबी दिसायला सोपी आहे. पुट्स लिहायचं, पुढे जे लिहू ते पडद्यावर येतं. मी ‘दौलत जेवला’ असं लिहिलं. आलं.

जे सुरू केलं ते ‘एण्ड’ लिहून बंद करायचं असतं. मी विसरते. मग प्रोग्रॅम शेवटच्या ओळीवर चूक दाखवतो, आणि खरी चूक वरच कुठेतरी असते. प्रिसिला म्हणाली, सवय होईल. मला आता नव्या सवयी नको आहेत. दौलतला दिवसभर सांभाळणाऱ्या रमाबाई सातला जातात, त्या जायच्या आत घरी पोचायचं एवढी एक सवय पुरे आहे.

शब्द: तेच.

२३ नोव्हेंबर
नुसते धडे वाचून माझ्या डोक्यात काही राहत नाही, हे प्रिसिलाच्याही लक्षात आलं. ती म्हणाली, “वैदेहीताई, तू गेम बनव. मीपण तसंच शिकले. गेममध्ये चूक झाली की दिसते, पुस्तकात दिसत नाही.”

म्हणून आकडा ओळखायचा खेळ लिहिला. प्रोग्रॅमने मनात एक आकडा धरायचा, आपण ओळखायचा, तो मोठा की लहान एवढंच सांगणार. दौलत शेजारी खुर्चीत होता. मी चुकीचा आकडा टाकला की त्याच्या तोंडाचा चांगला कोपरा हलायचा. बऱ्याच दिवसांनी तो कशाकडे तरी बघत बसला होता. नाहीतर सतराव्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून बघण्यासारखं काय आहे, समोरच्या टॉवरची खिडकी.

२ डिसेंबर
ठरवलं. त्याच्यासाठी कबड्डीचा गेम करायचा.

दौलत लालबागच्या मंडळाकडून पंधरा वर्षं खेळला. दिवसा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत, संध्याकाळी मैदानात. घरात कप ठेवायला जागा नव्हती म्हणून माळ्यावर पोतं भरून ठेवले होते, चाळ पाडली तेव्हा ते कुठे गेलं कोण जाणे. मी मॅच बघायला फार गेले नाही. सासूबाईंचं बघायचं असायचं. फायनल असली की जायची, शेवटी हार घालतात तेवढं बघायची.

प्रिसिला म्हणाली, मस्त आयडिया, पण आधी एक गोल हलवून दाखव.

१५ डिसेंबर
गोल हलला. रुबीत चित्रं हलवायला एक तयार सामान मिळतं, ते प्रिसिलाने लॅपटॉपवर घालून दिलं. ते दर सेकंदाला साठ वेळा सगळं पुसतं आणि पुन्हा काढतं, म्हणून गोल हलल्यासारखा वाटतो. माझं स्वयंपाकघर असंच चालतं.

तांबडा गोल म्हणजे चढाई करणारा, तो दौलत. पलीकडे सात निळे, ते मशीन हलवणार. चढाई करणाऱ्याला दम, दम संपायच्या आत कुणाला तरी शिवून मधल्या रेषेकडे परत यायचं. दोन संध्याकाळी दम घटेचना. मग दिसलं, मी वर एक नाव लिहिलं होतं आणि खाली दुसरंच. प्रोग्रॅम सांगत होता, ह्याच्यात काहीच नाही, काहीच नाहीतून एक वजा कसं करू.

त्याचा डावा हातच चालतो, म्हणून तांबड्या गोलाची बटणं डावीकडे ठेवली. तपासायला म्हणून उजवीकडची दोन बटणं माझ्यासाठी, त्यांनी एक निळा गोल हलतो.

मी हे सगळं करत असताना दौलतने हात लांब करून लॅपटॉपचं झाकण पाडलं. माझी बोटं आत होती. गेम त्याला आवडत नाहीये की काय. पुन्हा उघडला तर पुन्हा पाडला. मग मी उठून भांडी घासली.

२७ डिसेंबर
नाताळचं म्हणून प्रिसिला नेवऱ्या, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्या, घेऊन आली. दौलतला नमस्कार करून, त्याला ऐकू कमी येतं असं न धरता, नेहमीच्या आवाजात बोलली. लोक मोठ्याने बोलतात. मीही बोलते.

आम्ही गेम लावला. त्याचा हात डाव्या बटणांवर नेऊन ठेवला. त्याने तो उचलला आणि अख्खा कीबोर्ड ओलांडून माझ्या तपासायच्या बटणांवर नेला. निळा गोल हलवला, आणला, आणि तांबड्याला चिकटवला. चढाई बाद. म्हणजे तोच बाद. मी हात परत डावीकडे नेला. त्याने परत तेच केलं. पुन्हा बाद, आणि हसला.

प्रिसिला म्हणाली, “बघ ना तो काय करतोय.”

मी म्हटलं, बघते आहेच. हरणं-जिंकणं कळत नाही त्याला आता. मॅडमनी सांगितलंच होतं, किती समजतं ते सांगता येत नाही. जाताना प्रिसिला म्हणाली, उजवी बटणं काढून टाकू नकोस एवढ्यात.

७ जानेवारी
कुडाळहून सीमावन्संचा फोन. माझे हात पिठात होते म्हणून स्पीकरवर टाकला. त्या म्हणाल्या, मी येते शिमग्याआधी आणि दौलूला गावी घेऊन जाते. गडीमाणूस मिळतो, हवा मोकळी आहे, तुझं ऑफिस आहे. आधीही म्हणाल्या होत्या. दर वेळी मी म्हणायची, बघू. आज म्हटलं, “वन्सं, मला नाही झेपत आता. न्या.”

दौलत तिथेच टीव्हीसमोर होता. त्याला काय कळणार. तरी नंतर त्याच्याकडे बघवलं नाही, हेही लिहून ठेवते.

शब्द: एकही नाही.

१३ जानेवारी
कुकर लावून जरा टेकले आणि डोळा लागला. उठले तर गॅस बंद. मी कधी बंद केला ते आठवत नाही. असं हल्ली होतं, केलेलं आठवत नाही आणि न केलेलं केल्यासारखं वाटतं. दौलतची काठी ओट्यापाशी पडली होती, ती उचलून जागेवर ठेवली. भात शिजला होता.

२० जानेवारी
आज मी ओरडले.

जेवायला वाढलं तर त्याने ताट माझ्याकडे सरकवलं. मी परत सरकवलं. त्याने पुन्हा. डाळ चादरीवर. मी म्हटलं, नको असेल तर नको म्हण, उपाशी राहा, पण मला चादर धुवायला लावू नकोस. ‘म्हण’ म्हटलं आणि मग काय म्हटलं ते कळलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला.

ऑफिसातून आल्यापासून मी चहासुद्धा घेतला नव्हता. डोकं भणभणत होतं. चादर भिजत घातली आणि उभ्याउभ्या गार भात खाल्ला.

रुबी उघडली नाही.

२६ जानेवारी
सुट्टी. धनेश आला. दौलतच्या टीममधला, आता रे रोडला लाकडाच्या वखारीत हिशेब बघतो. झटका आला तेव्हा आठवड्याला यायचा, मग महिन्याला, मग नाहीच. त्याला दोष देत नाही, एक शब्द बोलणाऱ्या माणसासमोर किती वेळ बसणार.

बोलायला काही नव्हतं म्हणून मी त्याला गेम दाखवला. दौलतचा हात नेहमीसारखा उजव्या बटणांवर गेला, म्हणून तांबडा मीच हलवला. निळा गोल कडेकडेने सरकला, थांबला, तांबडा वळल्याबरोबर मागून गेला आणि चिकटला. मी म्हणाले, असंच करतो, स्वतःलाच बाद करतो.

धनेशने चहाचा कप खाली ठेवला. आधी हसला, मग रुमाल काढला.

“वहिनी, तुम्ही त्याला चढाईला पाठवताय? हा कधी गेलाच नाही चढाईला. मी जायचो. हा डावा कोपरा. पकडायचा हा. घोट्याला हात घातला की माणूस गेला.”

मग म्हणाला, तो निळा गोल बघा ना कुठे उभा करतो, कोपऱ्यातच.

मी बघितलं. दौलत माझ्याकडे बघत होता. बऱ्याच दिवसांपासून बघत असावा तसा. धनेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं पडद्याकडे वळले. धनेशने डावी बटणं घेतली. मी स्वयंपाकघरात गेले. बाहेरून धनेशच्या शिव्या ऐकू येत होत्या, आणि दौलतचं हसणं.

इतकी वर्षं मी फक्त हार बघायला जायची.

२८ जानेवारी
परवापासून एकच डोक्यात आहे. त्याला नियम कळतात. कोण तांबडा कोण निळा कळतं, वळायची वेळ कळते. म्हणजे सगळंच कळत असणार. मग सीमावन्संच्या फोनवर मी जे बोलले तेही. टीव्ही चालू होता, पण आवाज बारीक होता.

म्हणून रागावला असेल. झाकण पाडणं, ताट ढकलणं, सगळा तो राग. पण झाकण तर त्याच्या आधीचं. आधीपासूनच राग असेल. असायला कारणं कमी नाहीत.

विचारायचं धाडस होत नाही. विचारलं तर उत्तर ‘तेच’.

९ फेब्रुवारी
गेम उलटा केला. आता दौलत निळा, डाव्या कोपऱ्यात, आणि बटणं त्याच्या डाव्या हाताखाली. चढाई माझी. बाकीचे सहा मशीनचे.

वाटलं होतं दोन ओळी बदलल्या की झालं. जुनं सगळं चढाई करणाऱ्याच्या बाजूने लिहिलेलं होतं. दम त्याचा, गुण त्याचे, पडदा त्याच्याकडून दिसणारा. जवळजवळ सगळंच पुन्हा लिहावं लागलं. प्रिसिला दोन रविवार आली. तिने हात लावला नाही, शेजारी बसून फक्त विचारत राहिली, आता हा कोण, आता हे कुणाचं. चिडचिड झाली, पण जमलं.

पहिल्या चढाईला मी गेले. त्याने हात बटणावरून उचलला आणि माझ्या ओठांवर बोट टेकवलं. मला वाटलं गप्प बस म्हणतोय. बोट पुन्हा टेकवलं, पडद्याकडे दाखवलं. मग लक्षात आलं. चढाईला गेलेल्याने म्हणायचं असतं. मी हळू आवाजात कबड्डी कबड्डी म्हणायला लागले. लाज वाटली, रमाबाई अजून घरात होत्या. दुसऱ्या श्वासाच्या आत पकडली गेले.

सहा वेळा गेले, सहा वेळा पकडली गेले. शेवटी दमाची पट्टी अर्धी बाकी होती आणि मलाच धाप लागली. त्याने झाकण पाडलं. जिंकला म्हणून असेल.

२१ फेब्रुवारी
ऑफिसची परीक्षा झाली. एक चुकलेला प्रोग्रॅम दिला होता, त्याची चूक पकडणारी टेस्ट लिहायची. लिहिली. मार्चनंतरही मी आहे. प्रिसिलाने मिठी मारली. मला आनंद झाला असं लिहायला हवं. खुर्चीतून उठावंसं वाटेना, एवढंच झालं.

उतरायचा थांबा ओलांडून पुढे गेले, बसमध्ये झोप लागली होती. रमाबाई जायच्या वेळेनंतर पोचले. त्या थांबल्या होत्या. दौलत दाराशी खुर्ची ओढून बसला होता, एवढ्या लांब तो स्वतःहून येत नाही. मला बघून ‘तेच’ म्हणाला, जरा जोरात. उशीर झाला म्हणून चिडला. मी माफी मागितली.

३ मार्च
सीमावन्सं काल आल्या. कोकम, कुळीथ, आणि गावच्या घराची चावी कमरेला. दौलतच्या केसांतून हात फिरवत बराच वेळ बसल्या. उद्याची गाडी आहे, दोघांची तिकिटं त्यांनी काढून आणली आहेत.

मी त्याचे कपडे काढून पलंगावर ठेवले आहेत. उद्या भरीन.

४ मार्च
झालं ते जसं झालं तसं लिहिते.

सकाळी त्याच्या बॅगेत सदरे घातले. मी औषधं आणायला वळले आणि आले तर सदरे पलंगावर. पुन्हा घातले. त्याने माझ्यादेखत एकेक करून बाहेर काढले. डाव्या हाताने, सावकाश, पाडापाडी न करता. सीमावन्सं दारात उभ्या होत्या.

मी त्याच्यासमोर बसले. इतके दिवस विचारलं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, तुला जायचं नाहीये का? मी तुला घालवत नाहीये रे. मला झेपत नाही असं म्हटलं ते खरं आहे, पण घालवत नाहीये. तू नाही म्हणालास तर नाही जायचं.

त्याने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मग काठी घेऊन उठला, कपाटापाशी गेला. माझा कप्पा उघडला. वरचा हिरवा कुर्ता ओढला, तो घेऊन आला आणि बॅगेत टाकला. परत गेला. अजून एक. माझी ओढणी अर्धी जमिनीवर लोळत आली, ती त्याने कोंबली. चेन लावायचा प्रयत्न केला, एका हाताने लागेना.

मी म्हटलं, हे माझे आहेत, दौलत. तुझे नव्हेत.

“तेच,” तो म्हणाला. बॅगेवर हात ठेवला, मग माझ्या खांद्यावर. “तेच, तेच.”

सीमावन्सं दारातून म्हणाल्या, “अगो, तुका धाडता तो. तू जा म्हणता.”

मी म्हटलं, नाही हो वन्सं, त्याचा गोंधळ होतोय.

“त्येचो नाय, तुझो होता,” त्या म्हणाल्या. “तोंड बघलंस आरशात? मी रवतंय हंय. तू जा, नि झोप.”

आणि कमरेची चावी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

मी खूप कारणं सांगितली. ऑफिस, औषधाच्या वेळा, दवाखाना, गॅसचं बटण घट्ट आहे. गॅस म्हटल्यावर दौलतने काठी उचलून ओट्याकडे दाखवली आणि बटण फिरवल्यासारखं मनगट फिरवलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो खांदे उडवून लॅपटॉपकडे गेला, झाकण उघडलं, आणि सीमावन्संसाठी शेजारची खुर्ची काठीने पुढे ढकलली.

प्रिसिलाला फोन केला, सुट्टीचं विचारलं. ती म्हणाली नवीन काम सोळाला सुरू होतंय, ऑफिसात मी सांगते, तू गेलीस असं समज. मी रडत होते ते तिला कळलं असेल. दौलतला तर दिसतच होतं. त्याने ओढणीचं बाहेर राहिलेलं टोक माझ्याकडे दिलं, नाक पुसायला.

६ मार्च, कुडाळ
काल सकाळी पोचले. शेजारच्या काकूंनी पेज आणून दिली. खाल्ली आणि झोपले. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. काकूंनी पुन्हा जेवण आणून ठेवलं होतं. खाल्लं, झोपले. आज सकाळी कुठे आहे ते आठवायला वेळ लागला.

माडाखाली बसून मागची पानं वाचली. झाकण, ताट, काठी, दारातली खुर्ची. मी शब्दच तेवढे मोजत होते.

काहीही करायचं नाहीये हे अंगाला कळायला वेळ लागतोय. हात सारखे काहीतरी उचलायला जातात.

८ मार्च, कुडाळ
लॅपटॉप नाही, म्हणून कागदावर रुबी लिहून बघितली. दोन ओळी लिहिल्या आणि कंटाळा आला. मग नुसती पडून राहिले. चांगला कंटाळा होता.

दुपारी घरी फोन लावला. इथे रेंज मागीलदारी विहिरीपाशीच येते. रमाबाईंनी उचलला. म्हणाल्या, ताई, सगळं बरं आहे, दोघं खेळतायत, तुमच्या वन्संना सकाळपासून उठू दिलेलं नाही. मी म्हटलं, उठवू नका, फोन नुसता तिथे ठेवा.

आधी बटणांचा आवाज आला. मग सीमावन्संचा, अगदी देवळात म्हणतात तशा सुरात, कबड्डी कबड्डी कबड्डी. मध्येच थांबून म्हणाल्या, “बटाण खयचा रे?” पुन्हा सुरुवात केली. आवाज वर चढत गेला, घाईला आला, साठी गाठलेल्या बाईचा श्वास किती पुरणार. मी विहिरीच्या कठड्याला टेकून ऐकत होते, आणि माझाही श्वास धरला गेला होता.

दम तुटला. दौलत हसला, मोठ्याने, मैदानात हसायचा तसा.

मी फोन बंद केला आणि आत जाऊन पुन्हा आडवी झाले. अजून बराच दिवस बाकी होता.